झोर्नचं 'एर्नेस्ट रेनाँ' (१८९२): खरी छाप की छापील नक्कल? आणि ती रेघ येते कशी?

ताम्ररेघ

स्वीडिश चित्रकार आंदेर्श झोर्न (१८६०–१९२०) यांनी १८९२ मध्ये केलेलं फ्रेंच विद्वान एर्नेस्ट रेनाँ यांचं एचिंग (तांब्याच्या प्लेटवर आम्लाने रेघा खाऊन काढलेली छाप) बहुतेकांनी निदान पुस्तकात तरी पाहिलं असेल. आडवी प्लेट, कागदपत्रं आणि पुस्तकांनी भरलेलं टेबल, मानेवर रुळणारे लांब केस आणि खुर्चीत रुतलेला तो अवाढव्य म्हातारा. याची एक चौकटबंद प्रत तपासायची आहे. चौकट न उघडता दिसतं ते असं:

प्लेटचा ठसा (प्लेटमार्क) अंदाजे २३.४ × ३३.८ सेंमी. खाली उजवीकडे पेन्सिलची सही. खिडकी-माउंटच्या (चित्राभोवतीच्या कापलेल्या पुठ्ठ्याच्या) कडेने कागदावर तपकिरी पट्टा. मागे जुना पुठ्ठा, त्यावर बुरशीसारखे ठिपके.

तीन प्रश्न आहेत. एक, ही तांब्याच्या प्लेटवरून काढलेली छाप आहे की फोटोयांत्रिक नक्कल, हे घरच्या घरी कुठपर्यंत ठरवता येईल? दोन, सरावासाठी झोर्नच्या त्या लांब समांतर रेघा करून पाहायच्या आहेत. कोटाच्या भागात रेघा एकमेकींत मिसळून राखाडी डबकं होतं, ते का? तीन, येशूच्या चरित्रावरून रेनाँवर एवढं वादळ उठलं होतं, मग चित्रात त्याचा मागमूस का नाही?

---

भिंगवाला

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. सही शेवटी बघा. पेन्सिलची सही नकलेवरही करता येते आणि खऱ्या छापेवर खोटीही करता येते. आधी छाप, मग कागद, मग सही, या क्रमाने चला.

माप: या प्लेटचं नोंदलेलं माप २३.५ × ३४ सेंमीच्या आसपास आहे. तुमचं माप एक-दोन मिलिमीटरने कमी भरतंय म्हणून घाबरायचं कारण नाही. एचिंग ओल्या कागदावर छापतात, कागद सुकताना आकसतो, त्यामुळे ठसा तांब्यापेक्षा किंचित लहान होतो. फरक दोन-तीन सेंटिमीटरचा असता तर पुस्तकातली नक्कल म्हणून विषय तिथेच संपला असता.

आता चौकट उघडा. काचेतून केलेली तपासणी अर्धीच असते. १०× चं भिंग पुरे. २०× असेल तर उत्तम. बघायची जागा म्हणजे चेहऱ्यावरच्या फिकट रेघा आणि कोटातला सगळ्यात काळा भाग, या दोन्हींच्या मधला राखाडी पट्टा. नक्कल तिथेच उघडी पडते.

ओळीने मांडलेले लहानमोठे ठिपके दिसले तर हाफटोन (ठिपक्यांनी छापलेला फोटो). ठिपके नाहीत, पण सुरकुतलेल्या सायीसारखी बारीक जाळी दिसली तर कोलोटाइप (जिलेटिनच्या थरावरून छापलेला फोटो). रेघेची कड गडद आणि पोट फिकट, शिवाय कागदाच्या मागून रेघ उठलेली हाताला लागते, तर जस्ताचा लाइन ब्लॉक (उंच रेघांनी छापणारा ठसा). ही तिन्ही पाच मिनिटांत निकालात निघतात.

खरा चकवा फोटोग्रॅव्ह्यूरचा, म्हणजे फोटोवरून तांब्यावर कोरलेल्या छापेचा. तोही तांब्यावरच केलेला असतो, तोही ओल्या कागदावर दाबून काढतात, त्यालाही अस्सल प्लेटमार्क असतो आणि रेघेची शाईही थोडी वर आलेली असते. म्हणून 'प्लेटमार्क आहे, म्हणजे खरं' हे सूत्र विसरा. त्याच्यात राळेच्या भुकटीचा दाणा शोधा. रेघेच्या आत आणि आजूबाजूच्या पांढऱ्यात बारीक वाळूसारखा पोत असतो, रेघेची कड त्या दाण्यांनी कुरतडल्यासारखी दिसते. आम्लाने खाल्लेल्या रेघेची कडही गुळगुळीत नसते, पण तिचा खडबडीतपणा रेघेच्या दिशेने जातो आणि दोन रेघांमधला कागद स्वच्छ असतो, किंवा त्यावर पुसून राहिलेल्या शाईचा सलग पातळ थर असतो.

दुसरी कसोटी तिरप्या उजेडाची. खोली अंधारी करून टॉर्च कागदाच्या पातळीत, १०–१५ अंशांवर धरा. खऱ्या एचिंगमध्ये खोल रेघांतली शाई उंच बसते, फिकट रेघांतली जवळपास सपाट. ही उंचीची तफावत फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये फारच दबलेली असते. बोटाने चाचपू नका. त्वचेचं तेल कागदात उतरतं आणि वर्षांनी डाग होऊन वर येतं.

प्लेटमार्कच्या आतला कागद बाहेरच्यापेक्षा गुळगुळीत हवा, कारण प्रेसने तंतू दाबलेले असतात. नुसता कोरा साचा दाबून केलेला खोटा ठसा असला तर आत-बाहेर पोत सारखाच राहतो.

मग कागद उजेडासमोर धरून जाळरेषा (कागद बनवताना चाळणीने उमटलेल्या रेषा) आणि जलचिन्ह बघा, फोटो काढून ठेवा. कॅटलॉगशी ताडायला लोईस देल्तेय (१९०९) आणि कार्ल आस्प्लुंड (१९२०–२१) या दोन सूची आहेत. झोर्नच्या सुमारे २९० प्लेटा आहेत आणि बऱ्याच प्लेटांच्या एकाहून अधिक अवस्था (प्लेट बदलत काढलेल्या छापा) आहेत, म्हणून चित्र 'तसंच दिसतं' एवढ्यावर थांबू नका; एकेका कोपऱ्यातल्या रेघा जुळवा.

सहीला आता हात घाला. पेन्सिल कागदात किंचित खोल जाते आणि ग्रॅफाइट तिरप्या उजेडात चमकतं. छापलेली सही मंद दिसते आणि भिंगाखाली तिच्यातही तोच दाणा किंवा जाळी सापडते.

---

पोथीनिष्ठ

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखांमध्येच आहे.

रेनाँ जन्मले १८२३ मध्ये, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या त्रेगिए गावी. पाद्री व्हायला निघालेला मुलगा. सेमिनरीत (पाद्रीशाळेत) हिब्रू शिकला आणि हिब्रूच्याच अभ्यासाने श्रद्धेच्या पायाखालची वीट काढली. १८४५ मध्ये सेमिनरी सोडली. १८६२ मध्ये पॅरिसच्या कोलेज द फ्रान्स या विद्यासंस्थेत हिब्रूच्या अध्यासनावर नेमणूक झाली, पहिल्याच व्याख्यानात येशूला 'अतुलनीय मनुष्य' म्हटलं, आणि वर्ग बंद झाला. शब्द गौरवाचाच आहे. बोच 'मनुष्य' या शब्दाची होती. १८६३ मध्ये 'व्ही द जेझ्यू' हे येशूचं चरित्र आलं: चमत्कार वगळून, पॅलेस्टाइनचा भूगोल आणि मूळ साधनांची चिकित्सा धरून लिहिलेलं. रोमने ते निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकलं, बाजारात ते धडाधड खपलं. १८६४ मध्ये अध्यासन गेलं, १८७० मध्ये परत मिळालं, १८७८ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवड झाली आणि १८८३ पासून त्याच कोलेज द फ्रान्सचे ते प्रशासक.

म्हणजे झोर्न समोर बसले तेव्हा वादळाला तीस वर्षं उलटली होती. समोर होता संधिवाताने जखडलेला, सरकारमान्य, घरात कागदांच्या ढिगात बसलेला गृहस्थ. २ ऑक्टोबर १८९२ ला ते वारले. झोर्ननी बंडखोर काढला नाही, कारण बंडखोर खोलीत नव्हताच. त्याच सुमाराचं लेऑं बोनाचं तैलचित्र शेजारी ठेवून बघा: तिथे काळ्या पार्श्वभूमीवर माणूस स्मारकासारखा बसवलाय. झोर्नच्या प्लेटमध्ये टेबलावरचा पसारा आणि माणूस एकाच प्रकारच्या रेघांनी बांधलेत. विद्वत्तेचं चित्र म्हणून मला हे जास्त पटतं.

वाद मेल्यावरही संपला नाही, हेही जोडतो. १९०३ मध्ये त्रेगिएच्या चौकात, कॅथेड्रलच्या पुढ्यातच, ग्रीक देवता अथेनेसह त्यांचा पुतळा बसवला तेव्हा कॅथलिकांनी जोरदार निदर्शनं केली. आज आक्षेप वेगळ्या बाजूने येतात: 'सेमिटिक' वंशांबद्दल त्यांनी काढलेले ठोक निष्कर्ष आता कोणी सावरून घेत नाही. १८८३ मध्ये इस्लाम आणि विज्ञान यांवर दिलेल्या व्याख्यानाला मुस्लीम विचारवंत जमालुद्दीन अफगाणींनी पॅरिसच्या वृत्तपत्रातच उत्तर दिलं होतं, तो वाद मुळातून वाचण्यासारखा आहे.

आपल्याकडचा धागा हवा असेल तर तो पारशी धर्मग्रंथ अवेस्तामार्गे येतो. रेनाँचे गुरुस्थानी असलेले युजेन बुर्नुफ संस्कृत आणि अवेस्ताचे पंडित; आणि रेनाँच्याच वर्तुळातले जेम्स दार्मस्तेतेर १८८६–८७ मध्ये पारशी परंपरा अभ्यासायला मुंबईत येऊन राहिले होते.

(ता. क. स्वीडिशमध्ये आडनावाचा उच्चार 'सॉर्न' आणि फ्रेंचमध्ये 'रनाँ'. पण मराठीत 'झोर्न' आणि 'रेनाँ' रुळलंय, ते मोडायची गरज नाही. लिलावाच्या याद्या चाळताना मात्र स्पेलिंगवर जा, उच्चारावर नको.)

---

आम्लपात्र

राखाडी डबक्याचं कारण: शेजारच्या दोन रेघांमधली तांब्याची भिंत खाल्ली गेली. आम्ल खाली जातं तसं थोडं बाजूलाही जातं. रेघा फार जवळ आणि चावा (आम्लाने खाणं) फार लांब झाला की भिंत कोसळते, खाली रुंद उथळ खळगा उरतो. शाई धरायला कडा लागतात. खळग्याच्या मधली शाई पुसताना निघून जाते. म्हणून सगळ्यात काळा व्हायला हवा तोच भाग राखाडी छापतो. जास्त वेळ ठेवून काळा होईल ही समजूत त्यातूनच पुरी बुडते.

झोर्नचं बघा. तो आकाराची बाह्यरेषा जवळजवळ काढतच नाही. समांतर रेघांचे जुडगे तिरपे टाकतो, कधी आकार ओलांडूनही जातो, आणि काळोख रेघांच्या गर्दीने आणि खोलीने मिळवतो. दोन रेघांत पांढरं राखलेलं असतं. ते पांढरं बुजवलंत की झोर्न गेला.

प्लेट: तांबं १ ते १.२ मिमी (१८ गेज चालतं). कडा ४५ अंशांत घासून २ मिमीचा उतार द्या, नाहीतर कागद आणि प्रेसमधलं फेल्ट (लोकरी कापड) दोन्ही कापले जातात. सराव पूर्ण मापावर करू नका. १० × १५ सेंमीचा तुकडा घ्या, फक्त कोटाची बाही किंवा टेबलाचा कोपरा.

तेल काढणं: खडूची निवळ भुकटी (व्हाइटिंग) आणि थोडं अमोनिया, कापसाने चोळा. पाण्याखाली धरल्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे. पाण्याचे थेंब सुटे झाले तर तिथे ग्राउंड (आम्लरोधक लेप) धरणार नाही.

हार्ड ग्राउंड: मधमाशीचं मेण २ भाग, अॅस्फाल्टम २ भाग, राळ १ भाग, वजनाने. उघड्या ज्योतीवर वितळवू नका, विजेची शेगडी वापरा. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे ग्राउंड मऊ पडतं आणि तळहाताने उचलून येतं. तेव्हा राळ जरा वाढवा, पण दीड भागापुढे नको, सुई फिरवताना कपच्या उडतात. त्यापेक्षा प्लेटवर लाकडी पट्टीचा पूल करून हात त्यावर टेकवा. थर पातळ, चहाच्या रंगाचा हवा.

सुई: टोक किंचित गोल. तांबं कोरायचं नाही, ग्राउंड फक्त बाजूला सारायचं. अणकुचीदार सुई तांब्यात रुतते आणि लांब रेघ मध्येच अडखळते; झोर्नची रेघ मनगटातून नाही, कोपरातून येते. अंतर सुरुवातीला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी नको. आणि चित्र उलटं छापलं जाणार हे ध्यानात ठेवा; छापेवरून सराव करताना आरशात बघून काढा.

फेरिक क्लोराइड (तांबं खाणारं द्रावण): ४० ते ४२ बोमे (घनतेचं माप), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.३८ ते १.४१. सर्किट बोर्डासाठी विकतात तेच चालतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. पण काय मिळालं ते बघा. काळसर कोरडी भुकटी निर्जल असते: ४०० ग्रॅमला ६०० मिली पाणी. पिवळे-तपकिरी ओलसर खडे म्हणजे स्फटिकजल असलेलं: तेवढ्याच तीव्रतेला साधारण ६७० ग्रॅमला ३३० मिली पाणी. भुकटी पाण्यात थोडी थोडी टाका, पाणी भुकटीवर कधीच ओतू नका. निर्जल भुकटी उकळी फुटल्यासारखी तापते. स्टीलचं भांडं नको, प्लास्टिक घ्या. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी.

फेरिकमध्ये गाळ रेघेतच साठतो आणि चावा मंदावतो. म्हणून प्लेट उभी किंवा पालथी ठेवा, खाली टेकू देऊन. लिंबूसत्व घातलं तर गाळ विरघळतो: १ लिटर द्रावणाला १९० मिली पाण्यात विरघळवलेलं ६० ग्रॅम सायट्रिक अॅसिड.

वेळ कोणाच्या सांगण्यावर घेऊ नका. त्याच तांब्याची पट्टी घ्या, समांतर रेघा मारा, ५, १०, २०, ४० मिनिटांनी एकेक भाग वॉर्निशने झाका, छापून बघा. २५ अंश तापमानात जे २० मिनिटांत होतं त्याला १८ अंशांत बराच जास्त वेळ लागतो.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यात तांबं आहे. धुण्याचा सोडा हळूहळू टाकून शमवा (फेस येतो, मोठं भांडं घ्या), गाळ बसू द्या, तो वेगळा साठवून घातक कचऱ्यात द्या.

---

ताम्ररेघ

दोन्ही पाहिलं. भिंगाखाली दाणा नाही, जाळी नाही; तिरप्या उजेडात कोटातल्या रेघांची शाई स्पष्ट वर आहे, चेहऱ्यावरची जवळपास सपाट. प्लेटमार्कच्या आत कागद गुळगुळीत.

सरावाच्या प्लेटचं: अर्धा मिमी अंतर ठेवून ४० मिनिटं दिली. डबकं गेलं, पण आता कोट काळा न होता पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. आणि छापेत काळ्या रेघांच्या मध्ये पांढरे तुटक ठिपके आहेत.

---

आम्लपात्र

पट्टे दिसतात कारण सगळ्या रेघा एका जाडीच्या आणि एकाच दिशेच्या आहेत. चावा दोन हप्त्यांत करा. पहिल्या हप्त्यात रेघा ०.८ ते १ मिमी अंतराने, ३०–४० मिनिटं. ग्राउंड काढा, प्लेट धुवा, नवं ग्राउंड रोलरने चढवा (आधीच्या रेघा भरल्या जातील एवढं), मग मधल्या पांढऱ्यात बारीक रेघा पाच-सात अंश कोन बदलून, ८–१० मिनिटं. खोल रेघ काळोख देते, उथळ रेघ त्यावर पडदा धरते, आणि भिंत शाबूत राहते. कोन ३० अंशांच्या पुढे नेलात तर क्रॉस-हॅचिंगची चटई होईल, त्यात झोर्न नाही.

पांढरे तुटक ठिपके हा छपाईचा दोष आहे, चाव्याचा नाही. कागद कोरडा होता, किंवा शाई रेघेत शिरलीच नव्हती. २५०–३०० जीएसएमचा सुती कागद निदान अर्धा तास भिजवा, मग टिपकागदात दाबा. चमक गेली पाहिजे, गारवा राहिला पाहिजे. प्लेट हाताला सोसेल इतपत कोमट करा, शाई आडवी-उभी दोन्ही दिशांनी रेघेत कोंबा. टार्लटनने (विरळ, कडक कापडाने) पुसताना रेघेच्या समांतर पुसू नका, शाई ओढून बाहेर येते. तिरपं गोलाकार पुसा. शेवटी तळहाताला किंचित खडूची भुकटी लावून एक हात. पावसाळ्यात भिजवलेला कागद दोन दिवसांत बुरसतो, लागेल तेवढाच भिजवा.

---

भिंगवाला

वर्णनावरून इंटाग्लिओ (खोल रेघेतल्या शाईने काढलेली) छाप दिसते, फोटोयांत्रिक नाही. पण 'झोर्नच्या प्लेटवरूनच' हे म्हणायला रेघनरेघ ताडणं बाकी आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची मोठी प्रतिमा घ्या (ही छाप बऱ्याच संग्रहांत आहे), केसांची टोकं आणि टेबलावरच्या कागदांच्या कडा अशा दहा जागा निवडा. रेघ कुठे सुरू होते, कुठे सुटते, कुठे दुसरीवरून जाते हे जुळलं पाहिजे. हाताने केलेली नक्कल असेल तर सुरुवाती जुळतात, रेघांचे शेवट चुकतात. नकलाकार रेघ जपून थांबवतो.

---

दप्तरबंद

जपणुकीचं कोणीच बोललं नाही, आणि घाई तिथेच आहे.

तपकिरी पट्टा म्हणजे माउंटच्या आतल्या आम्लाने कागद जळलाय. तो पुठ्ठा आजच काढा. कागद पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवलेला असेल तर ओढू नका. तिथून पुढचं काम कागद-संवर्धकाचं. नुसता वरच्या कडेला टेकवलेला असेल तर कागद पालथा घालून पुठ्ठा वाकवत कागदापासून सोडवायचा, कागद वाकवत पुठ्ठ्यापासून नाही.

बुरशीचे ठिपके ब्लीचने घालवायचा सल्ला आंतरजालावर सर्रास मिळतो. ठिपका जातो आणि तंतू कुजायला लागतात. इस्त्री तर नकोच: प्लेटमार्क आणि शाईचा उठाव सपाट झाला की भिंगवाल्यांनी सांगितलेल्या सगळ्या खुणा कायमच्या पुसल्या. कडेचा डागाळलेला कागद कापून 'स्वच्छ' करू नका.

परत बसवताना: आम्लमुक्त सुती बोर्ड मागे आणि पुढे. खिडकी प्लेटमार्कच्या बाहेर ६–८ मिमी सोडून कापा, खाली सहीसाठी जास्त. लटकवायला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, फक्त वरच्या कडेला, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. सेलोटेप, फेविकॉल, दुहेरी चिकटपट्टी यांतलं काहीही नको. चारही कडा चिकटवल्या तर दमट हवेत कागद फुगून लाटा येतात. शाई काचेला टेकता कामा नये. माउंटची जाडी कमी पडत असेल तर कडेने पट्टी घाला. काच अतिनील किरण अडवणारी.

मुंबई-कोकणात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, जून ते सप्टेंबर ती भिंत आतून ओली असते. आतली भिंत, आणि चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे, म्हणजे हवा खेळते. आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळपास, उजेड ५० लक्सपर्यंत. कसर खळीसाठी येते, म्हणून चौकटीची पाठ कागदी पट्टीने बंद करा आणि दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा.